नवे शोधयंत्र आणि भाषेचा दरवाजा



मागील घटकात आपण मराठी नामांचे सामान्यरूप आणि त्याला जोडले जाणारे विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये यांचा परिचय करून घेतला. ‘पाणी’ या नामाला ‘त’ हा प्रत्यय लागताना ‘पाणीत’ न होता ‘पाण्यात’ का होते, हे आपण तेथे पाहिले. व्याकरणाचा हा भाग परीक्षेपुरता आहे, असे अनेकांना वाटते. प्रस्तुत घटकात तो आपल्याला बाजारपेठेतील एका मोठ्या स्पर्धेत भेटणार आहे. प्रश्न असा : ज्या शोधयंत्राचे जवळजवळ साऱ्या जगावर वर्चस्व आहे, त्याला एखादे नवे शोधयंत्र आव्हान देऊ शकेल काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एका शब्दप्रयोगाकडे लक्ष द्या. ‘गुगल कर’ हे संयुक्त क्रियापद आज मराठी बोलण्यात सहज येते. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याची प्रक्रिया आपल्याला नवी नाही. ‘डालडा’ आणि ‘झेरॉक्स’ ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. परंतु येथे एक फरक आहे. ‘झेरॉक्स काढून आण’ असे आपण म्हणतो तेव्हा दुकानातील यंत्र बहुधा दुसऱ्याच कंपनीचे असते. नाव उरते आणि वस्तू बदलते. ‘गुगल कर’ असे म्हणणारा मनुष्य मात्र बहुतेक वेळा खरोखरच गुगल वापरत असतो. शब्द सामान्य झाला, वस्तू मात्र एकच राहिली. असे का झाले, हे समजून घेणे म्हणजेच आपला प्रश्न समजून घेणे होय.

शब्दसूची आणि क्रम

संशोधनपर ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. कोणता शब्द कोणत्या पृष्ठांवर आला आहे, हे ती सांगते. शोधयंत्राचा गाभा नेमका हाच आहे. ते जालावरील पाने आधीच वाचून ठेवते आणि प्रत्येक शब्दासमोर त्या शब्दाची पाने नोंदवते. आपण शब्द टंकतो तेव्हा यंत्र त्या क्षणी जग धुंडाळत नाही, तर तयार सूची उघडते. एका शब्दासमोर लाखो पाने नोंदलेली असतील, तर त्यांपैकी आधी कोणते दाखवायचे, हा खरा अवघड भाग आहे.

१९९५ च्या डिसेंबरात ‘अल्टाव्हिस्टा’ हे शोधयंत्र सुरू झाले आणि लवकरच ते अग्रगण्य ठरले. सूची मोठी, वेग चांगला. क्रम मात्र कच्चा होता. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधक विद्यार्थ्यांनी गुगल कंपनी स्थापन केली. शोधनिबंधाचे महत्त्व जसे त्याचा हवाला किती जणांनी, आणि कोणी, दिला यावरून ठरते, तसेच पानाचे महत्त्व त्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून ठरवावे, ही त्यांची कल्पना होती. क्रम सुधारला आणि लोक वळले. अल्टाव्हिस्टा पुढे या हातातून त्या हातात गेले आणि २०१३ मध्ये कायमचे बंद पडले.

म्हणजे नव्या यंत्राने जुन्याला हरवल्याचे ठळक उदाहरण खुद्द गुगलचेच आहे. ‘एकदा झाले ते पुन्हा का होणार नाही?’ असे संपर्कसत्रात विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर त्या काळाच्या परिस्थितीत दडलेले आहे. १९९८ मधील गुगलच्या पहिल्या सूचीत सुमारे २ कोटी ६० लाख पाने होती. एवढा पसारा विद्यापीठाच्या खोलीतील संगणकांना पेलण्यासारखा होता. शिवाय त्या काळी वापरणारा स्वतः पत्ता टंकून शोधयंत्राकडे जात असे. एक पत्ता सोडून दुसरा टंकणे, एवढाच काय तो बदलाचा खर्च. आज आपण शोधयंत्राकडे जात नाही. फोन विकत घेतो तेव्हा ते पेटीतूनच बाहेर येते.

अपयशाच्या तीन तऱ्हा

२००८ च्या जुलैमध्ये ‘कुइल’ नावाचे शोधयंत्र मोठा गाजावाजा करून आले. गुगलमधून बाहेर पडलेले अभियंते त्यामागे होते. आपली सूची १२० अब्ज पानांची, म्हणून सर्वांत मोठी, असा त्यांचा दावा होता. सूची मोठी म्हणजे शोध चांगला नव्हे, हे अल्टाव्हिस्टाच्या अनुभवावरून कळायला हवे होते. पहिल्याच दिवशी लोकांना विसंगत उत्तरे मिळाली आणि २०१० च्या सप्टेंबरमध्ये यंत्र बंद झाले. या प्रकरणावर अधिक थांबण्याची गरज नाही.

‘नीवा’चे उदाहरण मात्र विचार करण्यासारखे आहे. गुगलच्या जाहिरात विभागाचे प्रमुख राहिलेले श्रीधर रामस्वामी यांनी २०१९ मध्ये विवेक रघुनाथन यांच्यासह ही कंपनी काढली. जाहिराती नाहीत, वापरणाऱ्याचा माग काढणे नाही. वापरणाऱ्याने वर्गणी भरावी, अशी योजना होती. यंत्र चांगले होते. तरीही २०२३ च्या मे महिन्यात त्यांनी लोकांसाठीची शोधसेवा बंद करत असल्याचे जाहीर केले. निरोप घेताना संस्थापकांनी जे लिहिले त्याचा आशय असा की, शोधयंत्र बांधणे जमले. लोकांना ते वापरून पाहण्यास, आपली नेहमीची निवड बदलण्यास प्रवृत्त करणे त्याहून कितीतरी अवघड ठरले.

तिसरी तऱ्हा मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’ची. २००९ पासून ते आहे, त्याची स्वतःची सूची आहे, पाठीशी अमाप पैसा आहे, आणि तरी ते दुसऱ्या स्थानावरच आहे. ‘डकडकगो’सारखी खासगीपणा जपणारी यंत्रे वेगळी दिसतात खरी, पण त्यांचे बरेचसे निकाल बिंगकडूनच येत आले आहेत. दुकाने पुष्कळ, गिरणी एकच, असा हा प्रकार आहे.

अमेरिकी सरकारने २०२० मध्ये गुगलविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यात या साऱ्याचा हिशेब उघड झाला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली, असा निर्णय दिला. फोन आणि ब्राउझर यांच्यात आपले यंत्र आधीपासून बसवलेले असावे, यासाठी गुगलने एकट्या २०२१ या वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले होते. लोक खरोखरच पसंतीने निवडतात, तर एवढे पैसे कशासाठी, हा प्रश्न कोणालाही पडावा.

त्याच निकालपत्रातील दुसरा आकडा भाषेच्या अभ्यासकासाठी अधिक महत्त्वाचा आहे. गुगल व बिंग यांना विचारल्या गेलेल्या ३७ लाख वेगवेगळ्या प्रश्नवाक्यांशांची तुलना करण्यात आली. त्यांपैकी ९३ टक्के फक्त गुगलकडे आले होते आणि केवळ ४.८ टक्के फक्त बिंगकडे. शोधयंत्र वापरातून शिकते. कोणत्या प्रश्नाला लोकांनी कोणते पान उघडले, कोणते उघडून लगेच परत फिरले, याची नोंद ठेवून ते क्रम सुधारते. नेहमीचे प्रश्न सर्वांकडे येतात. विरळ प्रश्न मात्र ज्याच्याकडे गर्दी आहे त्याच्याकडेच येतात. विरळ प्रश्नांची उत्तरे त्यामुळे त्यालाच चांगली देता येतात, आणि म्हणून गर्दी तेथेच राहते. आता विचार करा : जगाच्या तुलनेत मराठीतील प्रत्येक प्रश्न हा विरळ प्रश्नच नव्हे काय?

भाषेच्या दरवाजाने आत आलेले

इंग्रजीच्या मैदानात गुगलला टक्कर देता आली नाही. परंतु काही देशांत स्थानिक शोधयंत्रांनी त्याला वर्षानुवर्षे रोखून धरले. चीनचे उदाहरण येथे मुद्दाम बाजूला ठेवतो. शासनाच्या मजकूर-नियंत्रणाच्या प्रश्नावरून गुगलने २०१० मध्ये तेथील आपले शोधयंत्र हलवले. ‘बायदू’चे यश किती स्वतःचे आणि किती मोकळ्या रानाचे, हे वेगळे करणे कठीण आहे. रशिया आणि दक्षिण कोरिया यांची उदाहरणे अधिक बोलकी आहेत.

रशियन भाषेत नामाला सहा विभक्ती आहेत. ‘क्नीगा’ म्हणजे पुस्तक. वाक्यातील स्थानानुसार त्याची क्नीगी, क्नीगे, क्नीगू, क्नीगोय अशी रूपे होतात. काही शब्दांत तर मूळच बदलते : ‘चेलोव्येक’ म्हणजे माणूस, पण ‘माणसे’ म्हणायचे तर ‘ल्यूदी’. केवळ अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला ही रूपे म्हणजे परस्परांशी संबंध नसलेले शब्द वाटतात. अर्कादी वोलोझ आणि इल्या सेगालोविच यांनी ही अडचण जालाच्याही आधी ओळखली होती. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांच्या गटाने एकस्वांच्या वर्गीकरणात आणि पुढे बायबलच्या रशियन पाठात शब्द शोधून देणारी, रूपविचार जाणणारी आज्ञावली तयार केली. धर्मग्रंथाची शब्दसूची करण्याची जुनी परंपराच येथे संगणकावर आली, असे म्हणता येईल. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये त्यातूनच ‘यांडेक्स’ हे शोधयंत्र सुरू झाले. (‘या’ म्हणजे रशियनमध्ये ‘मी’. नावात ही श्लेषाची गंमत आहे.) शब्दकोशात नसलेल्या नव्या शब्दाचीही रूपे अंदाजाने ओळखण्याची रीत सेगालोविच यांनी २००३ मध्ये शोधनिबंधातून मांडली. गुगलला रशियन रूपांची जाण आली, ती नंतर. तोवर यांडेक्सने घर बांधून घेतले होते. २०१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रशियातील शोधांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास वाटा त्याच्याकडे होता.

पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. लोक संगणकावरून अँड्रॉइड फोनकडे वळले. त्यात गुगल आधीच बसवलेले, आणि यांडेक्सचा वाटा घसरू लागला. व्याकरण तेच, यंत्र तेच. फक्त विचारण्याची जागा बदलली. रशियाच्या एकाधिकारविरोधी सेवेने २०१५ मध्ये गुगलविरुद्ध निर्णय दिला, २०१७ मध्ये समझोता झाला, आणि फोनवर शोधयंत्र निवडण्याची खिडकी वापरणाऱ्यांपुढे आली. त्यानंतर अँड्रॉइडवरील यांडेक्सचा वाटा पुन्हा वाढला. भाषेने दरवाजा उघडून दिला होता. तो उघडा ठेवण्यास कायदा लागला. स्थानिक यंत्र म्हणजे आपोआप स्वतंत्र यंत्र, असा समज मात्र करून घेऊ नये. २०२४ मध्ये यांडेक्सचा रशियातील व्यवसाय रशियन गुंतवणूकदारांच्या गटाकडे गेला, आणि शासनाचा दबाव तेथे किती चालतो हे जगाने पाहिले आहे.

कोरियाची गोष्ट निराळी आहे. ‘नेव्हर’ हे शोधयंत्र १९९९ मध्ये सुरू झाले तेव्हा अडचण अशी होती की, कोरियन भाषेत शोधण्याजोगी पानेच पुरेशी नव्हती. उत्तम सूची करायची, पण कशाची? नेव्हरने २००२ मध्ये लोकांनीच प्रश्न विचारावेत आणि लोकांनीच उत्तरे लिहावीत, अशी सेवा सुरू केली. याहूची अशीच सेवा यायला अजून तीन वर्षे अवकाश होता. स्वयंपाक, आजार, अभ्यास, प्रवास अशा विषयांवरचा कोरियन मजकूर त्या आवारात साठत गेला, आणि कोरियनमधील प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर नेव्हरकडेच जावे लागू लागले. यांडेक्सने भाषेचे व्याकरण जाणले. नेव्हरने त्या भाषेत मजकूर निर्माण करवला. हा फरक ध्यानात ठेवा, कारण मराठीचा विचार करताना तो निर्णायक ठरतो.

मराठीपुरते पाहू

‘विहीर’ हा शब्द घ्या. विहिरीत, विहिरीला, विहिरींचे, विहिरीजवळ. प्रत्यय लागताच दुसरे अक्षर ऱ्हस्व होते, आणि शब्दयोगी अव्यय तर शब्दाला चिकटूनच येते. इंग्रजीत जे काम सुट्या शब्दांनी होते ते आपल्याकडे शब्दाच्या पोटात होते. ‘पाऊस’चे ‘पावसात’, ‘देऊळ’चे ‘देवळापाशी’, ‘माणूस’चे ‘माणसांनी’ ही रूपे जोडायची तर यंत्राला सामान्यरूप कळले पाहिजे. तेही सरळ नाही. ‘माळ्याला’ हे रूप ‘माळा’चे की ‘माळी’चे? ‘मुलाला’ हे ‘मूल’चे की ‘मुलगा’चे? वाक्य पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

त्यात लेखनाच्या अडचणी आहेत. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते भिन्न अक्षरक्रम असतात. ‘ॲप’मधील पहिल्या अक्षराचेही तसेच. जाणत्या शोधयंत्राने ही रूपे आधी एकसारखी करून घ्यावी लागतात; नाहीतर समोर असलेले पानही त्याला सापडत नाही.

भारतात प्रयत्न झाले नाहीत असे नाही. आयआयटी दिल्लीच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी २००६ मध्ये बंगळुरूहून ‘गुरुजी’ हे शोधयंत्र सुरू केले. भारतीय भाषांतही शोध देण्याचा त्याचा प्रयत्न काही वर्षांतच थांबला. केंद्र शासनाच्या भाषातंत्रज्ञान कार्यक्रमातून ‘संधान’ हे शोधयंत्र तयार झाले. पर्यटन हा त्याचा विषय होता आणि सुरुवातीच्या पाच भाषांत मराठी होती. मुंबईच्या आयआयटीचा त्यात पुढाकार होता. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने हे काम मोलाचे होते, कारण प्रत्यय सोडवून मूळ शब्दाकडे नेणारी साधने त्यानिमित्ताने घडली. परंतु सामान्य वाचकाच्या हाती ते पोचले नाही. निवडीच्या खिडकीविना यांडेक्सचे काय होऊ लागले होते ते आपण पाहिलेच. संधानला तर फोनवर जागाच नव्हती. भारतातही स्पर्धा आयोगाच्या २०२२ मधील आदेशानंतर गुगलने नव्या अँड्रॉइड फोनवर शोधयंत्र निवडण्याचा पर्याय देण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. पण त्या यादीत मराठीला मध्यवर्ती मानून बांधलेले एकही यंत्र नसेल, तर मराठी वाचकापुढची निवड नावापुरतीच राहते.

दरम्यान व्याकरणाचा दरवाजा अरुंद होत गेला आहे. २०१९ मध्ये गुगलने संपूर्ण वाक्याच्या संदर्भावरून अर्थ जोखणारे ‘बर्ट’ हे भाषा-प्रतिमान आपल्या शोधात आणले. वर्षअखेरीस ते सत्तरहून अधिक भाषांना लागू झाले. त्यांत मराठीही होती. अशी प्रतिमाने शब्दाचे तुकडे पाडून, प्रचंड मजकुरातून रूपांचे नाते स्वतःच शिकतात. व्याकरणकाराने नियम लिहून देण्याची वाट ती पाहत नाहीत. म्हणजे केवळ ‘आम्हाला सामान्यरूप कळते’ एवढ्या भांडवलावर आज मराठीचा यांडेक्स उभा राहणे कठीण आहे, असे माझे मत आहे. मात्र शिकण्यासाठी मजकूर लागतो, आणि येथे आपण पुन्हा नेव्हरच्या प्रश्नाशी येतो. मराठी मजकूर आहे, पण त्याचा केवढा तरी भाग यंत्राला वाचता येत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेली पुस्तके आणि शासकीय कागद यंत्राला निरर्थक चिन्हांसारखे दिसतात. मासिकांचे जुने अंक छायाप्रतींच्या रूपात आहेत. त्यांतील अक्षरे ओळखण्यात चुका होतात. मराठी विश्वकोशाचे खंड युनिकोडमध्ये जालावर आले, म्हणून त्यातील नोंद तुम्हाला क्षणात सापडते. तुमच्या जिल्ह्याचा एखादा स्थानिक इतिहास ग्रंथालयाच्या कपाटात असूनही सापडत नाही. शोधयंत्राच्या लेखी तो लिहिलाच गेलेला नसतो.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘चॅटजीपीटी’ आले आणि स्पर्धेची रीतच बदलू लागली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला जालावर शोध घेण्याची सोय जोडली गेली. येथे नवा खेळाडू अधिक चांगली यादी देण्याचा दावा करत नाही. तो यादीच काढून टाकतो आणि थेट उत्तर देतो. वापरणाराही ‘विहीर पुनर्भरण अनुदान’ असे सुटे शब्द न टंकता सरळ वाक्यात विचारतो. पंचवीस वर्षांत प्रथमच लोक आपली सवय आपण होऊन बदलताना दिसत आहेत, म्हणून हे आव्हान मी कुइल किंवा नीवापेक्षा गंभीर मानतो. गुगलनेही आपल्या यादीच्या वर यंत्ररचित उत्तरे देण्यास सुरुवात केली, ती उगाच नव्हे. परंतु तुमच्यासारख्या विद्यार्थ्याचे यात एक नुकसान संभवते. यादी असते तेव्हा कोण बोलत आहे ते दिसते : विश्वकोश, वर्तमानपत्र, की एखादा हौशी लेखक. एकसंध उत्तरात हे आवाज मिसळून जातात. मराठीत मजकूर अपुरा असेल, तर इंग्रजी मजकुरावरून रचलेले उत्तर मराठी शब्दांत समोर येऊ शकते, आणि ते वाचणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. स्वाध्यायात असे उत्तर उतरवण्यापूर्वी दिलेले दुवे उघडून पाहावेत.

२ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायाधीश मेहता यांनी उपाययोजनेचा निर्णय दिला. गुगलला आपला क्रोम ब्राउझर विकावा लागणार नाही आणि पैसे देऊन जागा मिळवण्यावरही सरसकट बंदी नाही. परंतु एकट्यानेच जागा अडवणारे करार करता येणार नाहीत, आणि सूचीचा व वापराच्या नोंदींचा काही भाग पात्र स्पर्धकांना द्यावा लागेल. विरळ प्रश्नांच्या नोंदी एकाच कोठारात साठण्याचे जे चक्र आपण वर पाहिले, त्याच्या मुळाशी हा उपाय जातो. युरोपात ‘इकोझिया’ आणि ‘क्वांट’ या दोन शोधयंत्रांनी २०२४ मध्ये स्वतःची सामाईक सूची बांधण्याचे जाहीर केले, आणि सुरुवात फ्रेंच व जर्मन या भाषांपासून करण्याचे ठरवले. सूची एकत्र बांधावी आणि तिच्यावर प्रत्येकाने आपापले दुकान थाटावे, हा मार्ग भारतीय भाषांनाही उपयोगी ठरण्यासारखा आहे. त्यासाठी लागणारे प्रत्यय-विश्लेषण, शब्दकोश आणि शुद्ध युनिकोड मजकूर ही कामे मात्र मराठीच्या पदवीधरांनाच करावी लागतील. ती दुसरे कोणी करून देणार नाही.

कृती

तुमच्या परिसरातील शेती, स्वयंपाक किंवा घरबांधणी यांतील एक बोलीशब्द निवडा. मूळ रूप, ‘त’ प्रत्यय लागलेले रूप आणि एखादे शब्दयोगी अव्यय जोडलेले रूप, अशी त्याची तीन रूपे दोन वेगवेगळ्या शोधयंत्रांत टंका. प्रत्येक वेळी आलेल्या पहिल्या पाच पानांची नोंद वहीत करा : पान मराठी आहे की हिंदी, ते कोणी लिहिले आहे, आणि तुमचा शब्द त्यात तुम्हाला अभिप्रेत असलेल्या अर्थानेच आला आहे काय. ही नोंद पुढील संपर्कसत्रास येताना सोबत आणा. सामान्यरूपाच्या अनियमित प्रकारांची चर्चा आपण तिच्याच आधारे करू.